डीआरएस बरा की बॅटरी? वाळूजच्या चाहत्यांत दोन तट

वाळूजच्या कारखान्यांत काम करणारी आमची फॉर्म्युला वनवेडी मंडळी 2026च्या नियमांवरून सरळ दोन तटांत विभागली गेली आहेत. या नियमांनी डीआरएस, म्हणजे मागचा पंख उघडून हवेचा अडथळा कमी करायची सोय, काढली आणि बॅटरीचा वाटा वाढवला.

जुन्या गाड्यांच्या बाजूचे म्हणतात, 2025पर्यंत ड्रायव्हर सरळ रस्त्यावर शेवटपर्यंत पाय दाबून ठेवायचा. आता इलेक्ट्रिक मोटर 120 वरून थेट 350 किलोवॅटवर गेलीय, म्हणजे जवळपास निम्मी ताकद विजेची. ती बॅटरी भरून घ्यायची तर वळण यायच्या आधीच गाडीचा वेग पडू लागतो. क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या फेरीत, हे मलाही खुपतं. एकच लॅप, त्यातही हात राखून चालवायचं? नाही पटत.

शर्यतीत मात्र मी नव्याच्या बाजूने आहे. डीआरएस होतं तेव्हा मागच्याच्या गाडीचा मागचा पंख उघडायचा, पुढचा बिचारा बघत राहायचा. आता सरळ पट्ट्यावर सगळ्यांचेच पुढचे-मागचे पंख सपाट होतात. एका सेकंदाच्या आत आलेल्याला जादा वीज मिळते, एवढंच. त्याने ती उधळली की पुढच्या पट्ट्यावर तोच उघडा पडतो आणि मागे गेलेला पुन्हा चढाई करतो. आमच्यातले टूलरूमवाले काका याला 'नुसता हिशेब' म्हणतात. मला त्यात ड्रायव्हरचं डोकं दिसतं.

गाडीचं किमान वजन 800 वरून 768 किलोवर आलं, रुंदी 10 सेंटिमीटरने घटली. याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. उलट अजून 50 किलो उतरवा, यावर दोन्ही तटांचं एकमत आहे.