टायटॅनिकची दुर्बीण आणि सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र

मुंबईच्या चोरबाजारात एका संग्राहकाने १८,००० रुपये मोजून पितळी दुर्बीण घेतली. नळीवर ‘आर.एम.एस. टायटॅनिक १९१२’ कोरलेलं, सोबत शिसवी पेटी आणि प्रमाणपत्र. घरी खिडकीपाशी धरली तर भिंगात जांभळट-हिरवी झाक दिसली. ही झाक परावर्तन कमी करणाऱ्या लेपाची, आणि तो लेप १९३५ च्या सुमारास आला. पेटीच्या बिजागरीला फुलीच्या खाचेचे स्क्रू होते. तेही १९३० च्या दशकातले.

पितळेवरच्या हिरव्या कळकाला भुलू नका. अमोनियाच्या वाफेत ठेवलं की तो लवकर चढतो, पण सगळीकडे सारखाच. वापरातली दुर्बीण बोटं लागतात तिथे आणि कडांवर झिजते. वर्षानुवर्षं घासलेल्या पितळेवर अक्षरांच्या कडा बोथट होतात. नव्या कोरीवकामाला नख अडकतं. अशा दुर्बिणी रुरकी-मुरादाबादकडे शोपीस म्हणून उघडपणे बनतात, त्यात गैर काही नाही. फसवणूक सुरू होते ती प्रमाणपत्र जोडल्यावर.

क्रोकरीत तर जहाजाचं नावच सापळा असतं. टायटॅनिकची मालक कंपनी व्हाइट स्टार लाइन, तिची भांडी एका जहाजावरून दुसऱ्यावर जात. म्हणून त्यांवर कंपनीचा पांढऱ्या ताऱ्याचा लाल झेंडा असे, किंवा ओ.एस.एन.सी. ही गुंफलेली अक्षरं. ओशनिक स्टीम नॅव्हिगेशन कंपनी हे तिचं कायदेशीर नाव. ‘टायटॅनिक’ छापलेली बशी त्या जहाजावरची नव्हेच. ‘समुद्रतळावरून काढलेली’ म्हणून कोणी पुढे केली, तर तिथूनच परत फिरा. १९८५ मध्ये सापडलेल्या अवशेषांतून वर आणलेला संग्रह अमेरिकी न्यायालयाच्या अटींनुसार एकत्रच ठेवावा लागतो. सुटे विकले गेले ते कोळशाचे तुकडे.

गुजरातेत जुनी जहाजं तोडली जातात त्या अलंगच्या मालाबाबतही हेच. जुनं फ्रेंच प्रवासी जहाज ‘फ्रान्स’, पुढे ‘नॉर्वे’, २००६ मध्ये तिथे आलं ते ‘ब्लू लेडी’ या नावाने. पण २००३ मधल्या बॉयलर-स्फोटानंतर त्यावर प्रवासी चढलेच नाहीत, मग ‘ब्लू लेडी’ छापलेल्या कपात चहा प्यायला कोण?

त्या संग्राहकाला पैसे परत मिळाले नाहीत, कारण पावतीवर फक्त ‘ब्रास शोपीस’ लिहिलं होतं. पैसे देण्याआधी पावतीवरच जहाजाचं नाव, वर्ष, ‘अस्सल’ हा शब्द आणि परतीची मुदत लिहून घ्या. विक्रेता लिहायला कचरला, तर वस्तू खाली ठेवा.