आधी विकावे की आधी घ्यावे? मंदावलेल्या बाजारात घर बदलताना

छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडमध्ये पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेले रो-हाऊस विकून सोयीच्या फ्लॅटमध्ये जायचे ठरवलेल्या कुटुंबाला तेजीच्या काळात क्रमाची चिंता करावी लागत नाही. जुने घर महिना-दोन महिन्यांत निघते आणि त्याच पैशात नव्याचा व्यवहार उरकतो. बाजार मंदावला की मात्र दोन व्यवहारांमधले अंतर वाढते आणि खरा खर्च त्या अंतरातच होतो. सध्या एकाच दारावरची ‘घर विकणे आहे’ ही पाटी दोन दिवाळ्या पाहते, तिच्यावरचा फोन नंबर उन्हाने पुसट होतो आणि एजंट स्वतःहून फोन करून ‘किती खाली यायची तयारी आहे’ असे विचारतो. मराठवाड्यातल्या शहरांत घर घेणारा वर्ग मुख्यतः नोकरदार, डॉक्टर, व्यापारी आणि मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर करणारा शेतकरी असा आहे. यांतल्या शेवटच्याचा हात आखडला की बाकीच्या व्यवहारांनाही त्याची झळ लागते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला असताना बाजार समित्यांत माल त्याच्या बराच खाली जात होता आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अतिवृष्टीने उभी पिके वाहून नेली. त्या घरांतली फ्लॅटची इसारपावती पुढे ढकलली गेली असेल, तर त्यात नवल नाही.

भाव पडले म्हणजे आपण बुडालो, ही समजूत आधी तपासून घ्यावी, कारण जो विकतो आणि लगेच घेतो त्याच्यासाठी दोन भावांमधला फरक महत्त्वाचा असतो. समजा, जुने घर ६० लाखांचे आणि नवे ७५ लाखांचे आहे; पदरचे १५ लाख घालावे लागतात. दोन्हींचे भाव १२ टक्क्यांनी उतरले तर जुन्याचे ५२ लाख ८० हजार आणि नव्याचे ६६ लाख होतात, आणि पदरचे घालायचे फक्त १३ लाख २० हजार राहतात. मोठ्या घरात जाणाऱ्याला मंदी थोडी मदतच करते. उलट निवृत्तीनंतर ९० लाखांचा बंगला विकून ४५ लाखांच्या फ्लॅटमध्ये जाणाऱ्या जोडप्याच्या हातात ४५ लाख उरायचे, ते त्याच घसरणीत ३९ लाख ६० हजारांवर येतात. अशा कुटुंबाने, घाई नसेल तर, थांबणे शहाणपणाचे आहे. थांबता येत नसेल, तर पुढची तुलना त्यांच्यासाठीही आहे.

मात्र हे गणित दोन्ही भाव सारखेच उतरतात असे धरून केले आहे आणि व्यवहारात तसे क्वचितच घडते. जुन्या घराचा मालक वैतागून उघडपणे भाव कमी करतो. बिल्डर सहसा कागदावरचा दर उतरवत नाही, कारण त्याच इमारतीत आधी जास्त दराने घेतलेले लोक जाब विचारतात आणि पुढच्या फ्लॅटचे बँक-मूल्यांकनही खाली येते. तो पार्किंग देतो, किचनच्या ट्रॉल्या बसवून देतो किंवा नोंदणीचा खर्च उचलतो. म्हणून आपले घर १२ टक्के सवलतीने विकून बिल्डरचे घर तीन टक्के सवलतीने घेण्याची वेळ येते. ती टाळायची असेल, तर नव्या घराचा शोध बिल्डरच्या साइटपुरता ठेवू नये. ज्याला आपल्याइतकीच विकण्याची गरज आहे अशा मालकाचा वापरलेला फ्लॅटही पाहावा. तिथे भाव खरोखर उतरतो आणि जीएसटीही लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो. आपल्याकडच्या शहरांत ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्राच्या फ्लॅटवर तो १ टक्का आहे, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या गेलेल्या फ्लॅटवर मुळीच नाही.

आता पहिला मार्ग, म्हणजे आधी विकून मग घेणे. यात आपल्याकडे नक्की किती पैसे आहेत हे कळते, आणि बैठकीत ‘रक्कम तयार आहे, उद्या खरेदीखत करू’ असे म्हणणाऱ्याला मंदीत जे वजन मिळते ते दुसऱ्या कशालाच मिळत नाही. किंमत मोजावी लागते ती मधल्या काळात. अकरा महिन्यांचा भाडेकरार करावा लागतो, सामान दोनदा हलवावे लागते, मुलांची शाळा लांब पडते आणि घरातल्या वयस्कर माणसांना तिसऱ्या मजल्यावरचे भाड्याचे घर मानवत नाही. भाडे महिना १२ हजार धरले तर दहा महिन्यांचे १ लाख २० हजार होतात, वर सामान हलवण्याचा खर्च. विक्रीची रक्कम या काळात बँकेत राहत असल्याने तिच्या व्याजातून यातला काही भाग भरून निघतो.

दुसरा मार्ग आधी घेऊन मग विकण्याचा. घर एकदाच बदलते, पसंतीचा फ्लॅट हातचा जात नाही आणि जुने घर रिकामे करून, रंग देऊन दाखवता येते. ६६ लाखांच्या तयार फ्लॅटवर मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के आणि नोंदणी फी ३० हजार धरली तर एकूण खर्च सव्वासत्तर लाखांच्या घरात जातो. हाताशी २० लाख असतील तर सुमारे ५० लाखांचे कर्ज घ्यावे लागेल. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता ४३ हजारांच्या पुढे जातो, आणि जुने घर विकायला दहा महिने लागले तर त्या दहा महिन्यांचे नुसते व्याजच सुमारे साडेतीन लाख होते. जुने घर विकल्यावर कर्ज एकरकमी फेडता येते, आणि चल व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला त्यासाठी दंड भरावा लागत नाही, हे या मार्गाच्या बाजूने सांगायला हवे. पण हप्त्याचे ओझे घेऊन बसलेला विक्रेता गिऱ्हाइकाला लगेच ओळखू येतो. रिकामे घर आणि बंद पडलेला वीजमीटर दिसला की समोरची बैठक दोन लाख खालून सुरू होते.

याच मार्गावर प्राप्तिकराचे एक कलम आहे, जे मंदीत नेमके आडवे येते. दोन वर्षांहून अधिक काळ ताब्यात असलेले घर विकल्यावर झालेला नफा नव्या घरात गुंतवला तर करसवलत मिळते. त्यासाठी नवे घर जुने विकण्याच्या तारखेआधी एक वर्षाच्या आत किंवा त्यानंतर दोन वर्षांच्या आत घेतलेले असावे लागते आणि बांधायचे असेल तर तीन वर्षांत बांधून व्हावे लागते. म्हणजे आधी विकणाऱ्याकडे दोन वर्षे आहेत, आधी घेणाऱ्याकडे एकच. तेजीत हा फरक कोणाच्या ध्यानातही येत नाही. मंदीत जुने घर तेराव्या महिन्यात विकले गेले तर सवलत हातची जाते. किती जाते, तेही पाहावे. २००८-०९ मध्ये १४ लाखांना घेतलेले घर २०२५-२६ मध्ये ५२ लाख ८० हजारांना विकले, तर महागाई निर्देशांकाने वाढवलेली खरेदी-किंमत सुमारे ३८ लाख ४२ हजार येते आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्क्यांनी २ लाख ८८ हजारांच्या आसपास कर होतो, उपकर वेगळा. निर्देशांक न लावता १२.५ टक्क्यांचा पर्याय घेतला तर कर ४ लाख ८५ हजार होतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी व्यक्तीला या दोहोंतला कमी भरणारा पर्याय मिळतो. इतका कर निव्वळ उशिरापायी भरावा लागू नये. आधी विकणाऱ्याने मात्र विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न गुंतवलेली रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवायला विसरू नये.

यावरून पहिलाच मार्ग सगळ्यांना योग्य, असे मी म्हणणार नाही. निर्णय ज्या एका प्रश्नावर फिरतो तो असा: आपले जुने घर बँकेच्या कर्जावर विकले जाईल का? विकले जाणार असेल तर मंदीतही चार-सहा महिन्यांत गिऱ्हाईक मिळण्याची आशा धरता येते आणि दुसरा मार्ग परवडू शकतो. नसेल तर रोख रकमेचाच गिऱ्हाईक हवा, आणि तो मंदीत सर्वांत आधी दिसेनासा होतो. अशा मालकाने आधी विकल्याशिवाय नव्या घराची इसारपावती करू नये.

मराठवाड्यात हा प्रश्न इतर भागांहून अधिक गुंतागुंतीचा आहे. संभाजीनगरात मोठ्या वसाहती गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी विकलेल्या जमिनीवरच्या, आहेत. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळालेली मुभा यांमुळे त्यांतली अनेक घरे नियमित करता येतात, पण प्रमाणपत्र हातात नसताना बँका फाइल घेत नाहीत. सिडकोच्या एन-सेक्टरांतली घरे मुळात भाडेपट्ट्यावर दिलेली असल्याने हस्तांतराचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि त्याचे शुल्क विक्रीच्या हिशेबात धरावे लागते. शहरालगतच्या जमिनींत निजामकाळच्या मदतमाश आणि खिदमतमाश इनामांचा इतिहास सातबाऱ्यावर ‘वर्ग २’ (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) म्हणून उरलेला असतो, आणि अशा जमिनीवर उभे असलेले घर कितीही देखणे असले तरी वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदांचा तपास) तिथेच थांबतो. ही कागदपत्रे नीट करायला सहा महिने लागणार असतील, तर ते महिने विक्रीची पाटी लावण्याआधी खर्च करावेत.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. वडिलांचे घर विकताना ४६ लाखांवर बैठक झाली, ५१ हजारांचे टोकनही आले. मग गिऱ्हाइकाच्या बँकेचा मूल्यांकनकार आला. हातातले लेझर मीटर भिंतीला लावून त्याने खोल्या मोजल्या, मागच्या खोलीच्या दारात थांबला आणि विचारले, “ही परवानगीत आहे का?” ती खोली आम्ही नंतर बांधली होती. तिच्यात आईचे देवघर होते, परवानगी मात्र नव्हती. त्याने मंजूर नकाशातले क्षेत्र तेवढे धरले आणि मूल्यांकन ३८ लाखांवर आणले. आठ लाखांची तफावत गिऱ्हाईक रोखीने भरू शकत नव्हता. त्याने टोकन परत मागितले, मी परत केले, आणि पुढचा गिऱ्हाईक मिळायला अकरा महिने लागले. म्हणून विकणाऱ्याने शे-दीडशे फोटो काढण्याआधी स्वतःच्या खर्चाने एकदा मूल्यांकन करून घ्यावे.

मंदीत भाव खाली येताना आणखी एक कागद आड येतो, तो रेडी रेकनर. शासनाने ठरवलेले बाजारमूल्य प्रत्यक्ष सौद्यापेक्षा जास्त असेल तर मुद्रांक शुल्क त्या जास्त रकमेवर लागते. शिवाय ते सौद्याच्या ११० टक्क्यांच्या पुढे गेले तर प्राप्तिकरासाठी विक्रेत्याची किंमत तीच धरली जाते आणि घेणाऱ्याला मिळालेली सवलत त्याचे उत्पन्न मानली जाते. वरच्या उदाहरणातल्या ५२ लाख ८० हजारांच्या घराचे शासकीय मूल्य ६० लाख असेल, तर घेणाऱ्याला ७ लाख २० हजारांवर कर भरावा लागेल. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हा आकडा दाखवता आला तर बैठकीचा सूर बदलतो. ही तफावत नगद देऊन मिटवू, असे सुचवणारा भेटतोच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणारा म्हणजे विक्रेता, हे ध्यानात असावे.

तिसरा मार्ग जुने घर ठेवून भाड्याने देण्याचा आहे. ६० लाखांच्या घराला महिना १३ हजार भाडे आले तर वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपास परतावा पडतो, आणि त्यातून घरपट्टी व दुरुस्ती जाते. नव्या घरासाठी कर्ज न काढता हे जमत असेल तर बाजार सुधारेपर्यंत थांबता येते. साडेआठ टक्क्यांचे कर्ज काढून अडीच टक्क्यांचे घर सांभाळणे हा मोह आहे.

पहिला मार्ग निवडल्यास मधला त्रास इसारपावतीतच कमी करता येतो. खरेदीखतानंतर तीन-चार महिने ताबा आपल्याकडे ठेवण्याची मुभा मागावी आणि त्या बदल्यात दीड-दोन लाख रुपये ताबा देईपर्यंत गिऱ्हाइकाकडे शिल्लक राहू द्यावेत. ‘ताबा नंतर’ म्हटले की आपल्याकडे गिऱ्हाईक बिचकते, पण रक्कम त्याच्या हातात राहिली की बहुधा ऐकते. नवे घर बांधकाम चालू असलेले असेल तर महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची ताब्याची तारीख पाहावी, आणि नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. कायद्याने त्याला ती घेताच येत नाही. नवे घर केवळ पत्नीच्या किंवा आईच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते. ६६ लाखांवर ते ६६ हजार होतात.

वेळेबद्दल माझे मत असे, की विकायला दसरा ते मार्गशीर्ष बरा, कारण तेव्हा बोअरला पाणी असते आणि हंगामाचे पैसे थोडेफार आलेले असतात. घ्यायचे मात्र एप्रिल-मे महिन्यात. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकराला हे सांगायची गरज नाही. सोसायटीच्या वॉचमनकडे टँकरची वही असते. ती मागून घेऊन मे महिन्याची पाने उलटावीत, एका आठवड्यात किती टँकर आले ते मोजावे आणि तो खर्च मासिक देखभालीत धरला आहे की वेगळा, हे सचिवांना विचारून मगच इसार द्यावा.