वेबसाइट वहिनीची, डोमेन मात्र डिझायनरच्या खात्यात

घरगुती धंद्यासाठी पहिली वेबसाइट करून घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचा. माझ्या वहिनीच्या बाबतीत जे झालं, ते आम्ही अजून निस्तरतोय.

वहिनी गिरगावात घरून गोडा मसाला, मेतकूट, भाजणी विकते. दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्यांच्या ऑर्डरी वाढल्या, तेव्हा वेबसाइट हवी असं ठरलं. कोडिंगचा घरात कुणालाच गंध नाही. ओळखीतून एक डिझायनर आला. "ताई, तुम्ही मसाल्याचं बघा, टेक्निकल सगळं माझ्यावर सोडा," म्हणाला. वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, साइट उभी केली आणि ती दिसायला खरंच छान होती.

बिल झालं 38,000 रुपये. त्यातल्या तीन ओळी मुद्दाम सांगतो: डोमेन (म्हणजे साइटचा पत्ता) 4,500, एसएसएल सर्टिफिकेट 6,000 (दरवर्षी), गूगल रजिस्ट्रेशन 8,500. साधं डॉट कॉम नाव वर्षाला हजार-दीड हजारात मिळतं. एसएसएल म्हणजे पत्त्याआधी एचटीटीपीएस दिसण्यासाठी लागणारं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते 2015 पासून फुकट देते, आणि बऱ्याच होस्टिंग कंपन्या (ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवतात त्या) ते आपणहून बसवून देतात. गूगल सर्चमध्ये साइट यावी म्हणून गूगल एक रुपयाही घेत नाही. साइट गूगलला कळवायचं सर्च कन्सोल मोफत, धंद्याची माहिती गूगलवर टाकायचं बिझनेस प्रोफाइलही मोफत. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. आम्हाला ती हमीही मिळाली होती.

पण हे पैसे गेले ते गेले. खरा घाव पुढेच होता.

वर्षभराने, ऐन फराळाच्या ऑर्डरींच्या वेळी, त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज आला: "ताई, रिन्यूअल आणि मेंटेनन्सचे 45,000 भरा, नाहीतर साइट बंद होईल." वहिनीने तपशील मागितला. उत्तर आलंच नाही, साइट मात्र बंद पडली. तोवर पत्ता मसाल्याच्या प्रत्येक पाकिटावर छापून झालेला. ज्या कंपनीकडे डोमेन नोंदलं होतं तिथे फोन केला. खातं तुमच्या नावावर नाही, त्यामुळे काही करता येणार नाही, असं उत्तर मिळालं. डोमेन त्याने स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावावर घेतलं होतं. पैसे वहिनीचे, नाव वहिनीच्या मसाल्याचं, आणि कागदोपत्री मालक तो!

डोमेन कायमचं विकत मिळत नाही, ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवायचं असतं. ते दुसरीकडे हलवायचं तर ऑथ कोड, म्हणजे एक प्रकारचा पासवर्ड, लागतो आणि तो खातेदारालाच मिळतो. डॉट कॉमसाठी यूडीआरपी नावाची तक्रारप्रक्रिया 1999 पासून आहे, पण वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) एका नावासाठी एका पंचापुढे जायचं तरी शुल्क 1,500 डॉलर, शिवाय त्या नावावरचा ट्रेडमार्कचा हक्क सिद्ध करायचा. मेतकूट विकून हे परवडत नाही. पोलिसांनी हा दिवाणी वाद आहे म्हणून हात वर केले. मग ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा लागू होत नाही असं कुणी सांगितलं, तर लगेच मागे फिरू नका. फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर 2019 च्या कायद्यात 'व्यावसायिक हेतू' मानला जात नाही; सेवेचा तिथे स्पष्ट उल्लेख नाही, तरी मुद्दा मांडून बघा.

म्हणून डिझायनर कितीही भला असो, डोमेनचं आणि होस्टिंगचं खातं स्वतः उघडा: तुमचा ईमेल, तुमचा मोबाइल, तुमचं यूपीआय. त्यासाठी कोडिंग लागत नाही, ऑनलाइन वीजबिल भरण्याइतकंच ते सोपं आहे. वर्डप्रेसमध्ये अॅडमिनिस्ट्रेटर तुम्ही राहा, डिझायनरला वेगळं युजरनेम द्या आणि काम संपलं की ते काढा. साइट आधीच झाली असेल तर एकच बघा: डोमेनच्या रिन्यूअलचा मेल कुणाच्या इनबॉक्समध्ये येतो? तुमच्या नसेल, तर संबंध चांगले आहेत तोवर खातं बदलून मागा. आयकॅन या डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या जागतिक संस्थेच्या मोफत लुकअप पानावर मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, पण नोंदणी कुठल्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते हे दिसतं.

वहिनीने आता नवं नाव स्वतःच्या खात्यातून घेतलंय. जुन्या पाकिटांवर आम्ही नव्या पत्त्याचे स्टिकर चिकटवतोय. जुन्या नावाची मुदत मार्चमध्ये संपते. त्याने रिन्यू केलं नाही, तरी ते लगेच मोकळं होत नाही: आधी नोंदणी कंपनीने दिलेली वाढीव मुदत, मग 30 दिवसांचा रिडम्पशन काळ (यात जुना मालक नाव परत मिळवू शकतो), मग नाव खोडलं जाण्याआधीचे आणखी 5 दिवस. त्यानंतर जो आधी नोंदवेल त्याचं. आम्ही तारखा लिहून ठेवल्यात.