हरळीच्या ग्रीनवर स्ट्रॉबेरीचं क्रॉप कव्हर: दोन हिवाळ्यांचा अनुभव

महाबळेश्वरला लिंगमळ्याच्या बाजूला एका बंगल्याची बाग मी अकरा वर्षं सांभाळतोय. साहेब पुण्याचे. त्यांना गोल्फचं वेड, म्हणून बंगल्यामागे ३० बाय ४० फुटांचं पुटिंग ग्रीन, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायची बारीक कापलेल्या गवताची जागा, करून घेतलंय. गवत टिफड्वार्फ. नाव परदेशी असलं तरी घराणं आपल्या हरळीचंच. गणपतीला दूर्वा वाहतो, त्याच हरळीचं हे बुटकं भावंड. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी तयार होऊन १९६५ साली बाहेर आलं. ५ मिलिमीटरवर कापलं की गालिच्यासारखं बसतं. पण हरळी म्हणजे उन्हातलं गवत, थंडी पडली की रुसतं.

आणि आमच्याकडची थंडी फसवी. पेपरात पारा नऊ-दहा अंश छापून येतो आणि त्याच पहाटे वेण्णा तलावाच्या कडेला, लिंगमळ्यात, गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात. पर्यटकांना वाटतं आकडा खोटा. तसं नाही. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून चारेक फुटांवर, पेटीच्या सावलीत असतो. रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की गवताची ऊब सरळ आभाळात निघून जाते आणि पातं आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. त्यात जड गार हवा उतारावरून खाली येऊन सखल जागी साचते. आमचं ग्रीन नेमकं तशा जागी आहे.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरअखेर एक पाहुणे सकाळी साडेसहाला बूट घालून पांढऱ्या झालेल्या ग्रीनवरून फोटो काढायला चालत गेले. मी ओरडेपर्यंत पार पलीकडे पोचले होते. दोन दिवसांनी एकेक पाऊल काळपट उमटलं, मग तपकिरी झालं. टाच, चवडा, बुटाच्या तळव्याची नक्षी, सगळं स्वच्छ. गोठलेल्या पात्यावर वजन पडलं की आतल्या बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात. गोल्फच्या मैदानांवर गोठलेलं दव वितळेपर्यंत खेळ सुरू करत नाहीत तो म्हणूनच. ती पावलं मी होळीपर्यंत बघत होतो. फार जिवाला लागलं.

थंडीच्या रात्री ग्रीन झाकायला साहेबांनी बाहेरून खास गोल्फचं कव्हर मागवायचं ठरवलं होतं. मी थांबवलं. ती जाड विणलेली कव्हरं कॅनडासारख्या मुलखासाठी असतात. तिथे ग्रीन महिनोन्महिने बर्फाखाली असतं. बर्फाचा घट्ट थर बसला की खाली हवाच पोचत नाही, काही जातीची गवतं दीड-दोन महिन्यांत गुदमरून मरतात. म्हणून तिथे हिवाळ्याआधी बुरशीनाशक मारून कव्हर घालतात ते वसंतातच काढतात. अमेरिकेच्या दक्षिणेत हरळीची ग्रीन असतात, तिथला जुना रिवाज म्हणजे पारा उणे ४ सेल्सिअसच्या आसपास जाणार असेल तरच कव्हर. आमचा प्रश्न एवढा मोठा नाही. कव्हर घातलं नाही तरी गवत मरणार नाही. पण रंग जातो, वाढ खुंटते आणि चुकून कोणी चाललं तर डाग पडतात.

मग मी आमच्या भागात स्ट्रॉबेरीवर टाकतात ते पांढरं नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या पातळ कापडाचं, क्रॉप कव्हर आणलं. १७ जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १७ ग्रॅम), १.६ मीटर रुंद, ४०० मीटरचा रोल, वजन अकरा किलोच्या आत. मला तीन हजारांच्या आत पडला. सात पट्टे कापले आणि बायकोनं शिलाई मशीनवर जोडून दिले. कापड पातळ, सुई ओढायची, म्हणून तिनं जोडाला जुन्या साडीची फीत लावली. ती फीत आजही शाबूत आहे, कापड फाटलं तरी जोड उसवला नाही.

एकेरी घातलं तर फरक जेमतेम. दुहेरी घातल्यावर मात्र काम झालं. एका पहाटे गवतात ठेवलेला तापमापक उघड्यावर शून्याला टेकला होता आणि कव्हराखाली अडीच-तीनवर. एवढंच पुरतं. दुपारी तीनच्या सुमारास ग्रीनला पाणी दिलेलं असेल तर आणखी बरं, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. कव्हर ऊन असतानाच, साडेचार-पाचला घालायचं. अंधार पडल्यावर घातलं तर ऊब आधीच गेलेली असते.

कडा दाबायला पहिल्या वर्षी दगड ठेवले, तर खाली फिकट वर्तुळं उठली. आता दोन्ही टोकांना दोन इंची पीव्हीसी पाइप बांधलाय आणि मध्ये तारेच्या यू-पिना. मी आणि पुतण्या मिळून दहा मिनिटांत गुंडाळतो. पण वरचं दव वितळल्याशिवाय हात लावायचा नाही. गोठलेलं कव्हर ओढलं की फाटतंही आणि खालच्या पात्याला घासतंही.

सकाळी साडेआठ-नऊला कव्हर निघालंच पाहिजे. गेल्या जानेवारीत मी पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या यात्रेला गेलो आणि दोन दिवस कव्हर तसंच राहिलं. परत येऊन उचललं तर आत वाफ कोंडलेली, पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू आणि रुपयाच्या नाण्याएवढे पेंढ्याच्या रंगाचे ठिपके. बुरशी. बुरशीनाशक फवारून आणि कव्हर आठवडाभर बंद ठेवून आटोक्यात आणली. पण कव्हराचा दोष नाही तो, आमच्या हलगर्जीपणाचा आहे.

कव्हराची खरी तक्रार वेगळी. पहिला रोल यूव्ही ट्रीटेड, म्हणजे उन्हात टिकणारा, म्हणून दिला होता, फेब्रुवारीत बोट लावलं तरी भुगा पडायला लागला. दुकानदारानं हात वर केले, बिलावर तसं काही लिहिलेलंच नव्हतं. दुसरा रोल दुसरीकडून घेतला, बिलावर यूव्ही लिहून घेतलं, तो अख्खा हिवाळा टिकला. पांढरी धूळ कपड्यांना लागते आणि सगळीकडे त्याचे तुकडे उडत बसतात ते वेगळंच. फाटलेलं गोळा करून ठेवा, ओढ्यात जाऊ देऊ नका. माकडांचाही भरवसा नाही. वाऱ्यानं फडफडलं की ती ओढतात, म्हणून गुंडाळी उघड्यावर ठेवत नाही, पत्र्याच्या शेडमध्ये जाते.

ढगाळ रात्री मी घालतच नाही, गरज नसते. संध्याकाळी चांदणं कडक दिसलं आणि सुरूची फांदी हलत नसली की घालायचं. मोसमात अशा रात्री फार तर पंधरा-वीस होतात.

या दोन हिवाळ्यांत ग्रीनचा रंग थोडा फिका झाला, पिवळा नाही. मार्चमध्ये कापणी नेहमीच्या मानानं बरीच आधी सुरू झाली. यंदा दिवाळीनंतर २५ जीएसएमचा रोल आणून एकेरी घालून बघणार आहे, म्हणजे दोन थर सांभाळायचे कष्ट वाचतील. जुन्यातला जो तुकडा चांगला उरलाय तो भावाच्या मेटगुताडच्या स्ट्रॉबेरीच्या दोन सरींवर गेलाय.