रिव्हर्स लाइटच्या दुरुस्तीचे ६,८५० रुपये: बिलाची एकेक ओळ तपासल्यावर काय निघालं

परभणीकडची २००८ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक. दोन्ही रिव्हर्स लाइट बंद पडलेले, पंधरा वर्षांची नोंदणी संपत आलेली, आणि आरटीओत पासिंगला गाडी न्यायची घाई. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, "मामा, वायरिंग जळालंय. स्विच बी गेलाय, गिअरबॉक्स उतरवावा लागंल." संध्याकाळी गाडी मिळाली, लाइट लागत होते. बिल असं: वायरिंग दुरुस्ती २,२००, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी २,५००, रिव्हर्स स्विच ८५०, '८० वॅट' एलईडी बल्बची जोडी ८००, रिले (थोड्या करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि फ्यूज ५००. एकूण ६,८५०. दोन महिन्यांनी पहिल्या मोठ्या पावसात दोन्ही लाइट पुन्हा बंद.

गाडी उघडून पाहिली तेव्हा स्विच जुनाच होता. त्याच्या षटकोनी डोक्यावर ऑइल आणि काळ्या मातीचा वाळलेला थर तसाच होता, पाना लागल्याची एक खूण नाही. गिअरबॉक्सच्या बोल्टांवरही तीच माती. रिले कुठेच नव्हता. खरा बिघाड होता स्विचच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये. दोनपैकी एका पिनेवर हिरवा गंज चढलेला होता आणि ती पिन दाबून घट्ट करण्यापलीकडे कोणी काही केलेलं नव्हतं. पिन नीट साफ करून दोन साधे बल्ब टाकले असते, तर मजुरी धरून चारशे-पाचशेत काम झालं असतं.

अशी फसवणूक सहज होते, कारण रिव्हर्स लाइटचं सर्किट गाडीतलं सगळ्यात साधं असलं तरी ते डोळ्यांसमोर नसतं. इग्निशनमधून करंट फ्यूजला, फ्यूजमधून गिअरबॉक्सवरच्या स्विचला, तिथून मागच्या दोन बल्बांना आणि बल्बांतून बॉडीच्या अर्थिंगला. रिव्हर्स गिअर पडला की स्विचच्या आतला संपर्क जुळतो, एवढंच. एकच लाइट बंद असेल तर दोष बहुतेक वेळा त्या बाजूच्या बल्बात, होल्डरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असतो. तेव्हा कोणी गिअरबॉक्सचं नाव काढलं तर गाडी तिथून हलवा. दोन्ही एकदम बंद असतील तर आधी फ्यूज आणि बल्ब, मग स्विच, मग वायर. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्स लाइट आणि इंडिकेटर एकाच फ्यूजवर असतात. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर तसं छापलेलं असेल आणि इंडिकेटर चालत असतील, तर फ्यूज शाबूत आहे.

स्विच खराब आहे की नाही हे कळायला एक वायरचा तुकडा पुरतो. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन ऑन. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत एअर फिल्टरचा डबा किंवा बॅटरीचा ट्रे बाजूला केला की गिअरबॉक्सवरच्या स्विचपर्यंत हात पोहोचतो. त्याचं दोन वायरींचं कपलर काढा. गाडीकडून येणाऱ्या बाजूच्या दोन पिना त्या तुकड्यानं जोडा. तुकड्याचं उघडं टोक बॉडीला लागू देऊ नका, नाहीतर फ्यूज उडेल. मागचे लाइट लागले तर फ्यूज, वायर, बल्ब, अर्थिंग सगळं ठीक आहे, दोष स्विचमध्ये किंवा कपलरच्या पिनेत आहे. नाही लागले तर स्विच बदलून काहीच उपयोग होणार नाही. कपलरमध्ये दोनपेक्षा जास्त वायरी असतील तर मात्र अंदाजानं जोडाजोडी करू नका. ही तपासणी मिनिटाभराची आहे. ती तुमच्यासमोर करून दाखवल्याशिवाय स्विचचे पैसे मान्य करू नका.

स्विच खरंच गेला असेल, तरी अशा गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. स्विच बाहेरून आट्यांवर बसवलेला असतो, पान्यानं निघतो. काढताना थोडं गिअर ऑइल ओघळू शकतं, म्हणून खाली फडकं ठेवायचं. वॉशर नवीन टाकायचा आणि बेतानं आवळायचं. गिअरबॉक्सची बॉडी अॅल्युमिनियमची असते, जास्त जोर लावला तर आटे जातात आणि मग खरोखरच मोठा खर्च निघतो. नवा स्विच बसवण्याआधी मल्टीमीटरवर बघून घ्या: टोक मोकळं असताना एक स्थिती, टोक दाबल्यावर दुसरी. बसवल्यावर फक्त रिव्हर्समध्येच संपर्क जुळायला हवा.

'वायरिंग जळालंय' या ओळीखाली सगळ्यात जास्त पैसे जातात, कारण वायर कोणी उघडून बघत नाही. या गाडीत २,२०० रुपयांत मिळाली होती एका जोडावर गुंडाळलेली दीड वीत काळी टेप. त्या टेपखाली वायर पिळून जोडलेली होती, सोल्डर नाही, स्लीव्ह नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात टेपचा चिकटपणा सुटतो आणि पावसात तिथेच पाणी शिरतं. असा जोड दोन महिन्यांत दगा देणारच. वायर खरोखर जळाली असेल तर प्लास्टिक फुगलेलं, कडक झालेलं किंवा वितळलेलं दिसतं, जळका वास राहतो. तो तुकडा कापून हातात द्यायला सांगा.

मीटर दाखवूनही दिशाभूल करता येते. बल्ब काढून होल्डरवर मीटर लावला की गंजलेल्या वायरीवरही १२ व्होल्ट दिसतात, कारण तेव्हा त्यातून करंट जवळजवळ वाहतच नसतो. म्हणून मोजमाप बल्ब जोडलेला आणि रिव्हर्स टाकलेला असतानाच घ्यायचं. बॅटरीवर १२.४ असतील आणि होल्डरवर १२ च्या आसपास, तर वायर चांगली. होल्डरवर १० आले, तर वाटेत कुठेतरी गंज आहे. अर्थिंगसाठी मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल होल्डरच्या अर्थ पिनेला लावायची, लाइट चालू ठेवून. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंगचा स्क्रू काढून, खालचा पत्रा घासून पुन्हा आवळा. रिव्हर्स टाकल्यावर टेललाइटही मिणमिणत असेल, तर बहुतेक वेळा हाच दोष निघतो. ज्या गाड्यांत रिव्हर्स लाइट डिक्कीच्या दारात आहे, तिथे बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटते. वरून प्लास्टिक शाबूत दिसतं, पण आतलं तांबं तुटलेलं असतं. ती वायर हलक्या हातानं ओढली की त्या जागी रबरासारखी ताणते.

आता एलईडी. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बहुतेक पी२१डब्ल्यू बल्ब असतो: १२ व्होल्ट, २१ वॅट, एक फिलामेंट, बीए१५एस टोपी (होल्डरमध्ये बसणारा धातूचा तळ). त्याचा प्रकाश ४६० ल्युमेनच्या आसपास. पाकिटावर '८० वॅट' लिहिलेल्या त्या एलईडीनं मीटरवर ०.३५ अँपिअर घेतले, म्हणजे जेमतेम सव्वाचार वॅट. असं मोजायला मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून, दुसऱ्या बाजूचा बल्ब काढून ठेवून, फ्यूज काढून त्याच्या जागेतल्या दोन टोकांना मीटर लावतात. त्या फ्यूजवर इंडिकेटर असतील तर मोजताना ते बंद ठेवा. मोजून झालं की लाल वायर लगेच मूळ जागी घाला, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरीवर मीटर लावताच शॉर्ट होईल. कमी वॅट हा एलईडीचा दोष नव्हे. खरे सहा ते आठ वॅट, अॅल्युमिनियमची बॉडी आणि चारही बाजूंना चिप असतील, तर मूळ बल्बाइतका किंवा थोडा जास्त उजेड मिळतो. चिप फक्त टोकाला असतील तर रिफ्लेक्टरवर प्रकाश पडतच नाही, आणि मागे एक पांढरा ठिपका दिसतो, जमीन दिसत नाही. घेताना टोपी जुळते का आणि लांबी लॅम्पमध्ये मावते का ते पाहा. दोन फिलामेंटचा टेललाइटचा बल्ब दाबून बसवणारेही भेटतात. त्याच्या पिना वरखाली असतात, तो तिथे नीट बसतच नाही. धातूची टोपी नसलेल्या चपट्या तळाच्या बल्बाच्या जागी एलईडी टाकला आणि लागला नाही, तर तो उलटा फिरवून बघा. अनेक एलईडी एकाच दिशेनं लागतात.

त्याआधी लॅम्प काढून साबणाच्या पाण्यानं आतून-बाहेरून धुवा. फाटलेल्या गॅस्केटमधून आत गेलेली काळ्या मातीची भुकटी उजेड किती खाते, ते धुतल्यावरच समजतं. नवं गॅस्केट टाकलं की पुढचा पावसाळा निभावतो.

रिलेची ओळ वाईट आहे, कारण तो न बसवता पैसे घेतले. दोन मूळ बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात, त्यासाठी रिले लागत नाही. पण बंपरखाली १८ वॅटचे दोन एलईडी लॅम्प वाढवले तर आणखी तीन अँपिअर वाढतात, आणि तो सगळा भार गिअरबॉक्सच्या छोट्या स्विचवर येतो. त्याचे संपर्क काळे पडतात. तेव्हा चार पिनांचा रिले हवाच: ३० नंबरच्या पिनेला बॅटरीतून दीड चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून अर्ध्या फुटाच्या आत १० अँपिअरचा फ्यूज, ८७ नंबरवरून जादा लॅम्पला, ८६ ला मूळ रिव्हर्स लाइटची वायर आणि ८५ अर्थला. रिव्हर्स टाकल्यावर 'टक' असा आवाज येतो. आवाज नाही, तर रिले दाखवायला सांगा.

पासिंगच्या नावानंही घाबरवलं जातं. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते, हे खरं. पण रिव्हर्सला एलईडीच हवा असा नियम नाही. पांढरा प्रकाश, तोही रिव्हर्स गिअर टाकल्यावरच, एवढंच लागतं. म्हणून डॅशबोर्डवर वेगळं बटण देऊन 'अपग्रेड' म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. बटण चालू राहिलं तर गाडी पुढे जात असताना मागे पांढरा लाइट राहतो, आणि मागच्याला वाटतं गाडी मागे येतेय.

काम सुरू होण्याआधी मोबाइलवर स्विच, कपलर आणि लॅम्पचे फोटो काढून ठेवा. जुना प्रत्येक भाग परत मागा. बिल दुकानाच्या नावाचं, ओळवार आणि सहीचं घ्या. कच्च्या चिठ्ठीवर तक्रार करताना फार त्रास होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते.

परभणीच्या त्या गाडीच्या मालकाकडे सही असलेलं बिल होतं. मातीनं माखलेल्या जुन्या स्विचचे फोटो समोर ठेवल्यावर गॅरेजवाल्यानं स्विचचे ८५० आणि गिअरबॉक्सचे २,५०० असे ३,३५० रुपये परत केले. वायरिंगच्या २,२०० वर तो अडून बसला, म्हणून टेप काढलेल्या जोडाचा फोटो लावून ती तक्रार १९१५ वर नोंदवली आहे.