जिनिंगमध्ये घेतलेलं फर्स्ट एडचं ट्रेनिंग, घास अडकला तर काय करायचं ते

आमचं कापसाचं जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, समुद्रपूर तालुक्यात, हिंगणघाटपासून आत. सीझनमध्ये शंभराच्या आसपास माणसं असतात, मी वजनकाट्यावर बसतो. यंदा सीझन सुरू होताच नागपूरच्या एका संस्थेला बोलावून अर्ध्या दिवसाचं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू. संस्थेचं नाव टाकत नाही कारण तक्रारी पण आहेत अन् माणसं मनापासून काम करणारी होती.

आधी हे घ्यावं काऊन वाटलं ते सांगतो. मागच्या सीझनला दुपारच्या सुट्टीत आमचा एक हमाल जेवता जेवता ताटकन उभा राहिला. ज्वारीची भाकर अन् जवसाची चटणी, दोन्ही कोरडं, त्यात बोलणं-हसणं चालू. दोन्ही हात गळ्याशी नेले, तोंड उघडं, पण आवाज काहीच नाही. एकानं "वर पाह्य बावा, वर पाह्य" म्हणून त्याची मान मागे केली, दुसऱ्यानं डोक्यावर चापट्या मारल्या, अन् मी पाण्याचा गिलास तोंडाला लावला. पाणी सगळं बाहेर. ओठ निळे पडून राहिले होते. मग तो स्वतःच गुडघ्यावर हात ठेवून वाकला, कोणाची तरी जोराची थाप पाठीत बसली अन् तुकडा बाहेर पडला. वाचला. पण आम्ही जे जे केलं ते जवळपास सगळं चुकीचं होतं हे मला ट्रेनिंगमध्ये कळलं, अन् त्या रात्री झोप लागली नाही.

ट्रेनिंगवाल्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, इथं दिवसभर कोण कोण खोकतं? सगळ्यांनी हात वर केले. जिनिंगमध्ये हवेत रुईचं तूस उडत असते, खोकल्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. ते म्हणाले, खोकणाऱ्याची भीती नाही, ज्याच्या घशात पूर्ण अडकलं त्याला खोकताच येत नाही, बोलता येत नाही, ओरडता येत नाही, म्हणून मशीनच्या आवाजात काय अन् शांततेत काय, तो ऐकूच येणार नाही, तो डोळ्यांनीच दिसला पाहिजे. ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली.

मग पद्धत. जोरात खोकून राहिला असेल तर खोकू द्यायचं, हात लावायचा नाही, पाणी द्यायचं नाही. खोकला बंद पडला, आवाज निघेना, तर त्याला पुढे वाकवायचं, एका हातानं छातीला आधार अन् दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं दोन खांद्यांच्या मधोमध ५ दणके. नाही निघालं तर मागून कवेत घ्यायचं, मूठ बेंबीच्या थोडी वर पण छातीच्या हाडाच्या खाली, दुसऱ्या हातानं ती मूठ पकडून आत अन् वर असे ५ झटके. परत पाठ, परत पोट, तुकडा निघेपर्यंत. मी आधी मोबाइलवर नुसतं पोट दाबायचं पाहिलं होतं, हे पाठीचं काऊन म्हणून विचारलं, तर अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२५ च्या गाइडलाइनमध्ये मोठ्या माणसांसाठी पण आधी पाठ मग पोट असंच सांगितलं आहे म्हणे. पोटुशी बाई असेल किंवा कवेत मावणार नाही एवढा जाड माणूस, तर पोटाऐवजी छातीच्या मधोमध झटके. अन् पोटाला झटके दिलेला माणूस बरा वाटला तरी डॉक्टरला दाखवायचाच, आत मार लागलेला असू शकतो.

बेशुद्ध पडला तर जमिनीवर उताणा निजवायचा, एकानं १०८ ला फोन लावायचा अन् दुसऱ्यानं लगेच छाती दाबायला घ्यायची, मिनिटाला १०० ते १२०, ३० वेळा दाबलं की तोंडात पाहायचं, तुकडा दिसला तरच काढायचा. न दिसता बोट घातलं तर तो अजून आत जातो. आमच्याकडे गाडी यायला अर्धा तास लागतो अन् मेंदूला चारपाच मिनिटंच असतात, म्हणजे जो बाजूला बसून जेवून राहिला त्याच्यावरच सगळं आहे.

सामान चांगलं होतं. एक जाकीट आणलं होतं, पाठीला गादी लावलेलं, पोटाशी बरोबर जागी झटका बसला की समोरून फोमची गोळी उडते. खरी मेहनत तिथंच कळते, आमच्या गाठी उचलणाऱ्या पोरांची पण पहिल्यांदा गोळी उडाली नाही कारण ते नुसतंच आवळत होते.

आता तक्रारी. ३२ माणसांना एकच जाकीट, निम्म्या जणांना एकदाच हात लावायला मिळाला. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, सर हिंदीत बोलत होते, छिंदवाड्याकडच्या पोरांना ते बरं पडलं पण आमच्या बायांना अर्धं समजलं नाही, शेवटी मी मधेमधे मराठीत सांगत होतो. तान्ह्या लेकराची बाहुली आणलीच नाही, अन् इथं बाया लेकरं घेऊन येतात. खर्ऱ्याबद्दल, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीबद्दल, पण कोणी बोललं नाही, मलाच विचारावं लागलं. अर्धी माणसं गालात खर्रा धरून काम करतात, सर म्हणाले झोपताना अन् वजन उचलताना तोंडात काहीच ठेवू नका.

एक चूक आमच्या ऑफिसची. कचरा निवडणाऱ्या बाया ठेकेदाराच्या म्हणून त्यांना यादीत घेतलंच नव्हतं. मी भांडून आठ जणींना बसवलं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायदा १९४८ च्या कलम ४५ मध्ये दीडशे कामगारांमागे निदान एक फर्स्ट एड पेटी अन् तिच्याजवळ शिकलेला माणूस सांगितला होता, आमची पेटी होती पण किल्ली ड्रॉवरमध्ये. अन् घास अडकल्यावर पेटी उघडून तरी काय मिळणार, तिथं हातच लागतात.

जानेवारीत ड्रायव्हर लोक आलूबोंडा खात होते, एकाला जबर ठसका लागला. तीनचार जण पाठीत मारायला धावले. त्या आठ जणींतल्या एक काकू मधे उभ्या राहिल्या, "थांबा ना भाऊ, आवाज येऊन राह्यला त्याचा, खोकू द्या त्याले." त्याच्या समोर बसून राहिल्या, तोंडाकडे पाहत, हात तयार ठेवून. मिनिटभरात तो मोकळा झाला.

१५० रुपये माणशी घेतले, सर्टिफिकेटचे वेगळे. पुढच्या सीझनला माणसं बदलतील म्हणून परत बोलावणार आहे, दोन जाकिटं, लेकराची बाहुली अन् मराठी बोलणारा माणूस आणा असं आत्ताच सांगून ठेवलं आहे. यादी यावेळी मी करणार, बायांची नावं आधी.