मॅश्ड पोटॅटोसाठी पुरणयंत्र: सहा महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू पुरणयंत्राचा आहे पण यात पुरणपोळी येणार नाही. ज्यांना घरी मॅश्ड पोटॅटो करायचे असतात आणि दर वेळी एकतर गुठळ्या होतात नाहीतर डिंक होतो त्यांच्यासाठी हे लिहितेय. यंत्र स्टीलचं, तुळशीबागेतून घेतलेलं, साडेसहाशेला, तीन जाळ्यांसकट. त्यावर कुठल्या कंपनीचं नाव नाहीये त्यामुळे लिंक मागू नका.

झालं काय, की माझ्या लेकीला सिझलरच्या प्लेटमध्ये कोपऱ्यात तो पांढरा मऊ गोळा असतो ना, तो फार आवडतो. बाकीचं सिझलर आम्ही खायचं आणि ती तेवढाच गोळा खाणार. म्हटलं बटाटाच तर आहे, घरी करू. पहिल्या वेळी पावभाजीच्या मॅशरने केला, तो काही वाईट नव्हता, पण ते आपल्या बटाट्याच्या भाजीसारखंच लागत होतं, मध्येच एखादी गुठळी दाताखाली यायची. दुसऱ्या वेळी शहाणपणा केला आणि मिक्सरमध्ये फिरवलं. अरे देवा. भांड्यातून चमचा उचलला तर अख्खं वस्तुमान चमच्याबरोबर वर यायला लागलं, पतंगाच्या दिवसात खळ म्हणून खपलं असतं. बटाट्यातला स्टार्च उकडल्यावर त्याच्या बारीक बारीक पेशींमध्ये फुगून बसलेला असतो, आणि मिक्सरचं पातं त्या पेशी फोडून टाकतं, मग तो सगळा बाहेर येतो आणि चिकट होतं. म्हणजे बटाटा कापायचा नाही, नुसता दाबून जाळीतून बाहेर काढायचा, एवढाच सगळा खेळ आहे. हे मला नंतर कळलं, अर्धा किलो बटाटे वाया घालवून.

मग मी ऑनलाइन एक पोटॅटो रायसर मागवला. लसूण दाबायचं ते चिमट्यासारखं असतं ना, त्याचाच मोठा भाऊ. अठराशे रुपये. कुठल्या कंपनीचा ते सांगत बसत नाही, पण चौथ्या की पाचव्या वेळी त्याच्या दांड्याची खीळच वाकली, आणि रिटर्नची मुदत तोवर संपलेली. त्यातून एका वेळी दीडच बटाटा मावतो, आणि पंजात जोर पाहिजे, माझं मनगट तसंही दुखतं. चालत होता तोवर काम मात्र छान करायचा, खोटं कशाला बोलू.

पुरणयंत्र डोक्यात आलं ते होळीला आईकडे. ती डाळ यंत्रातून काढत होती आणि मी बघत बसले होते, ती जाळी, ते तिरकं पातं, दांडा फिरवला की डाळ दाबली जाऊन खालून शेवयांसारखी पडते, आणि मला एकदम वाटलं की अगं हे तेच आहे! फ्रान्समध्ये अगदी याच तत्त्वावरचं भाज्यांचं यंत्र जाँ मांतले नावाच्या माणसाने १९३२ साली काढलं, बायकोने केलेल्या बटाट्यात गुठळ्या राहायच्या म्हणून काढलं अशी गोष्ट सांगतात, आणि त्याचीच कंपनी पुढे मूलिनेक्स झाली. म्हणजे तिकडे जी वस्तू बटाट्यासाठी जन्माला आली तसलीच आपल्याकडे माळ्यावर पेपरात गुंडाळून ठेवलेली असते आणि वर्षातनं दोनतीनदा खाली येते.

आईला म्हटलं दे मला नेते. नाही म्हणाली. "बटाटा चालेल गं, बटाटा उपासाचा आहे, पण तू त्यात लसूण घालणार, आणि मग नैवेद्याचं पुरण मी त्याच यंत्रातून काढू?" यावर काय बोलणार. म्हणून स्वतःचं वेगळं घेतलं.

आता कामाचं. एक किलो बटाटे या यंत्रातून सात-आठ मिनिटांत निघतात. पण गरम असताना. हे फार महत्त्वाचं आहे, कोमट झाले की जड जातं, आपण दांडा जोरात आणि जास्त वेळा फिरवतो आणि पुन्हा तोच चिकटपणा यायला लागतो. मी फडक्यात धरून साल काढते आणि लगेच टाकते, बोटं भाजतात, त्याला इलाज नाही. साल न काढता अर्धे कापून टाकूनही बघितलं, साल बऱ्यापैकी वरच राहतं, पण तीनचार बटाट्यांनंतर जाळी तुंबते आणि उलटं फिरवून खरवडत बसावं लागतं, त्यापेक्षा आधी साल काढलेलं बरं. जाळी मधली वापरा. सगळ्यात बारीक जाळीतून बटाटा रडत रडत निघतो आणि मोठ्या भोकांच्या जाळीतून गुठळ्या येतात.

बटाट्याबद्दलही बोलावं लागेल कारण अर्धं यश तिथेच आहे. नवा बटाटा, ज्याचं साल नखाने निघतं, तो रस्सा भाजीला घ्या, याला नको, त्यात पाणी फार. जुना, जाड सालीचा घ्या. पण जुना म्हणजे कोल्ड स्टोरेजमधून काल निघालेला गोड बटाटाही नको, फार थंडीत राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि मग मीठ कितीही घाला, मॅश गुळमटच लागतो. माझ्या भाजीवाल्या काकांकडे कधीमधी वेफर्सवाला बटाटा म्हणून जो येतो, चिप्सोना, तो मिळाला तर डोळे झाकून घ्या, मुळात वेफर्ससाठीच काढलेली जात आहे, पाणी कमी, साखर कमी, मॅश एकदम कोरडा भुसभुशीत होतो आणि बटर पितो. नेहमीच्या कुफरी ज्योतीचाही होतो, फक्त थोडा जास्त परतावा लागतो.

परतावा लागतो म्हणजे असं, की यंत्रातून खाली पडलेला बटाटा तसाच जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चारपाच मिनिटं हलवायचा. बुडाला पातळ पापुद्रा धरायला लागला की समजायचं पाणी गेलं. मगच बटर. आणि बटाटे कुकरला लावत असाल तर सालासकट, आणि पाण्यात बुडवून नाही, भांड्यात ठेवून, वरण लावतो तसे. साल काढून फोडी करून पाण्यात उकडलेत तर ते पाणी कुठे जाणार, तुमच्या मॅशमध्येच.

बटर किती, यावर आमच्याकडे वाद आहे. पॅरिसमधला तो प्रसिद्ध शेफ जोएल रोबुशॉं, ज्याने १९८१ मध्ये जामॅं नावाचं रेस्टॉरंट काढलं आणि ज्याचा हा साधा बटाटाच जगभर गाजला, त्याच्या छापील कृतीत एक किलो बटाट्याला पाव किलो बटर आहे. पाव किलो! थंड बटरचे तुकडे एकेक करून घोटायचे, मग गरम दूध, आणि वर पुन्हा सगळं बारीक चाळणीतून काढायचं. त्यानेही बटाटा सालासकट उकडून यंत्रातूनच काढायला सांगितलाय, मिक्सर नाही, हे वाचून मला उगाच आपला विजय झाल्यासारखं वाटलं. मी एकदा पूर्ण पाव किलो घालून केलं, नवऱ्याने दोन चमचे खाऊन सांगितलं की हे अप्रतिम आहे आणि आता मला झोप येतेय. आता मी किलोला दीडशे ग्रॅम घालते, म्हणजे अमूलचं शंभर ग्रॅमचं एक पाकीट आणि वर घरचं लोणी. अमूल खारट असतं त्यामुळे मीठ शेवटी चाखूनच. लोण्याचा जो किंचित आंबूसपणा येतो तो मला फार आवडतो, लेकीला नाही. दूध म्हशीचं, साय न काढलेलं, साधारण एक कप, उकळतं गरम. फ्रिजमधलं थंड दूध ओतलंत तर इतकी केलेली मेहनत गेली.

चाळणीतून काढायची पायरी मी एकदाच केली. मैद्याची चाळणी घेतली, अर्धा तास लागला, हात मोडून आला. फरक पडतो का? पडतो, अगदी रेशमासारखं होतं. पुन्हा करेन का? पाहुणे कोण आहेत त्यावर आहे.

आता वरचं. नुसता मॅश चार घासांनंतर कंटाळा आणतो, त्याला वर काहीतरी खमंग पाहिजेच. माझ्याकडे सगळ्यात हिट झालेली मशरूमची ग्रेव्ही: कांदा बारीक उभा चिरून बटरवर मंद आचेवर पंचवीस मिनिटं, घाई नाही, चॉकलेटी होईपर्यंत. मशरूम वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर, मीठ न घालता, आधी त्याचं पाणी उडू द्यायचं. मग दोन्ही एकत्र, एक चमचा मैदा, थोडा सोया सॉस, भरपूर मिरी, पाणी. मॅशच्या मध्ये चमच्याने खड्डा करायचा आणि त्यात ओतायची. आयर्लंडमध्ये चॅम्प म्हणून करतात त्यात पातीचा कांदा दुधात उकळून तो मॅशमध्ये घालतात आणि वर असाच खड्डा करून त्यात बटर वितळत ठेवतात, ते फारच सोपं आहे आणि आपल्याकडे पात तर मिळतेच. कमी कष्टात जास्त चव पाहिजे तर हे करा.

दुसरं म्हणजे खिमा. इंग्रज लोक खिम्यावर मॅशचा थर देऊन ओव्हनमध्ये भाजतात, आम्ही उलटं करतो, खाली मॅश आणि वर आपला नेहमीचा सुका खिमा, आणि त्यावर चरचरीत तळलेला कांदा, बिर्याणीवाला. रविवारी हे केलं की कोणी पाव विचारत नाही. आणि तिसरं, हे कोणाला सांगू नका, हिरव्या मिरचीचा ठेचा बटरमध्ये अर्धा मिनिट परतून वर सोडायचा. तो गारगार वाटणारा दुधाळ बटाटा आणि त्यात मध्येच ठसका. फ्रेंच लोकांना चालणार नाही, न चालो.

तक्रारी आहेतच. धुणं हा एक वैताग आहे, जाळी वापरून झाल्या झाल्या गार पाण्यात टाकायची, वाळलेला बटाटा त्या भोकांतून काढायला टूथब्रश लागतो, गरम पाण्याने तर अजूनच चिकटतो. दोघांपुरतं करायचं असेल तर यंत्र काढूच नका, पाव हिस्सा त्यालाच लागून राहतो, त्यापेक्षा मॅशर बरा. तीन पायांपैकी एक पाय माझ्या पातेल्याच्या काठावर नीट बसत नाही, फिरवताना यंत्र गोल गोल सरकतं, मग लेकीला धरायला उभं करावं लागतं. आणि दांड्याचा वरचा नट दर दोनतीन वेळा सैल होतो, तो एकदा जवळजवळ बटाट्यात पडला होता. म्हणून पाचपैकी चार. रायसरला मी दोन देईन आणि मिक्सरला शून्य.

घ्यायला जाल तेव्हा पॅक बॉक्स घेऊन निघू नका. दुकानातच जाळी बसवा, दांडा फिरवून बघा, पातं जाळीला सगळीकडून टेकतंय ना ते बघा, एका बाजूला फट असेल तर बटाटा नुसता गोल फिरत राहतो, खाली पडत नाही. आणि घरातलं नेहमीचं पातेलं पिशवीत घालून न्या, पाय त्यावर बसवून बघायला. मी नेलं नव्हतं. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.